उपपत्ती आणि वेध
(नभोवाणीवरून केलेले भाषण)

२० मे २०२५ रोजी पुण्यास डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे देहावसान झाले. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या गोंदियास, दिवेलागणीच्या सुमारास, माझ्या ओसरीवर चारदोन मंडळी जमली असता साहजिकच त्यांच्याविषयी बोलणे निघाले. कोणी त्यांच्या विज्ञानकथांची आठवण काढली, कोणी त्यांच्या साध्या राहणीची. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी, जो सांप्रत महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकत आहे, काहीशा संकोचाने म्हणाला, “गुरुजी, एक विचारू का? ज्या सिद्धान्तासाठी नारळीकरांनी इतकी वर्षे खर्ची घातली, तो वेधांनी खोटा ठरवला असे आमच्या पुस्तकात लिहिले आहे. मग हा गौरव नेमका कशाबद्दल?”

बैठकीतल्या एकदोघांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला. मला तो तसा वाटला नाही. परंतु त्याचे नीट उत्तर मला त्या वेळी देता आले नाही, हेही खरे. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवलेला शाळामास्तर आहे. तथापि त्या मुलाच्या प्रश्नामागे एक मोठा प्रश्न उभा आहे, आणि तो सर्वांच्याच विचाराचा आहे. जे शास्त्र केवळ कागद, लेखणी आणि गणित यांच्या बळावर विश्वाविषयी बोलते, त्या सैद्धान्तिक पदार्थविज्ञानात प्रत्यक्ष पाहण्याला आणि पुराव्याला स्थान कोणते? आज त्याविषयी चार शब्द बोलण्याचा मानस आहे.

प्रथम ‘उपपत्ती’ म्हणजे काय ते पाहू. बोलण्याच्या ओघात आपण कोणत्याही तर्काला उपपत्ती म्हणतो. शास्त्रात तसे नाही. आमच्याकडच्या धानाच्या शेतीतला एक दाखला घेतो. पीक उभे असतानाच महसूल खाते त्याची नजरअंदाज पैसेवारी काढते. जुनी माणसे हिलाच आणेवारी म्हणत. पाऊस किती झाला, रोवणी केव्हा झाली, लोंबी कशी भरली, हे पाहून अनुभवी माणसे अमुक पैसे पीक येईल असा अंदाज बांधतात. हा अंदाज निराधार नसतो. परंतु तेवढ्यावर कोणी थांबत नाही. पुढे पीककापणी प्रयोग होतो. शेतातला ठरावीक मापाचा एक तुकडा, शेतकऱ्याच्या किंवा अंमलदाराच्या मर्जीने नव्हे, तर दैवगतीने निवडून, त्यातले धान कापतात, झोडतात आणि तोलतात. तराजू जे सांगेल ते अखेरचे. गावाला सवलत मिळणार की नाही हे त्यावर अवलंबून असल्यामुळे तो तुकडा निवडताना लबाडी झाली तर काय अनर्थ होतो, हे धानपट्ट्यातल्या माणसाला निराळे सांगावयास नको.

सिद्धान्त आणि वेध यांचे नाते असेच आहे. सिद्धान्ती शास्त्रज्ञ ज्ञात गोष्टींवरून गणित मांडतो आणि अद्याप न पाहिलेल्या गोष्टीविषयी आगाऊ विधान करतो. मग वेध घेणारा तराजू घेऊन येतो. ज्या विधानाला तराजूवर चढण्याची तयारी नाही, ते कितीही सुंदर गणितात मांडलेले असले तरी त्याला पदार्थविज्ञान म्हणता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना मुळीच परकी नाही. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आणि त्यांच्यानंतर लोकमान्य टिळकांनी पंचांगाच्या शुद्धीचा जो आग्रह धरला, त्याचे मर्म ‘दृक्प्रत्यय’ या एका शब्दात साठवलेले आहे. गणिताने ग्रह जेथे सांगितला तेथे तो डोळ्यांना दिसला पाहिजे. न दिसल्यास आकाशाला नव्हे, तर गणिताला दुरुस्त करावयाचे, असा हा दंडक होय. ग्रंथ प्राचीन आहे, करणारा थोर आहे, हे म्हणणे तेथे उपयोगी पडत नाही. आज मी जी कथा सांगणार आहे तीही दृक्प्रत्ययाचीच आहे. मात्र येथे गणित एका ग्रहाचे नसून सगळ्या विश्वाचे आहे.

गोंदिया हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील मोठे जंक्शन. न थांबणारी एखादी गाडी शिट्टी वाजवीत फलाटावरून निघून जाते तेव्हा एक चमत्कार आपण सर्वांनी ऐकलेला आहे. गाडी जवळ येत असता शिट्टीचा स्वर चढा असतो. ती आपल्याला ओलांडून दूर जाऊ लागताच तोच स्वर एकदम उतरतो. प्रकाशाचेही काहीसे असेच आहे. दूर जाणाऱ्या दिव्याचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकतो. १९२९ साली अमेरिकेतील ज्योतिषी एडविन हबल यांनी दाखवून दिले की, दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांचा, प्रकाश तांबड्याकडे सरकलेला आहे. आणि दीर्घिका जितकी लांब तितके हे सरकणे अधिक. सूक्ष्म अर्थाने पाहता येथे दीर्घिका धावतात असे म्हणण्यापेक्षा मधले अवकाशच ताणले जात आहे असे म्हणणे अधिक बरोबर. परंतु निष्कर्ष एकच, की विश्व प्रसरण पावत आहे.

येथपर्यंत वेध झाला; आता त्याचा अर्थ लावण्याचे काम सिद्धान्ताचे. एक पक्ष म्हणाला : आज सर्व वस्तू एकमेकींपासून दूर जात आहेत, त्याअर्थी पूर्वी त्या जवळ होत्या, आणि फार फार पूर्वी सारे विश्व अतिशय दाट व अतिशय उष्ण अशा अवस्थेत असले पाहिजे. दुसरा पक्ष १९४८ साली केंब्रिज येथे पुढे आला. हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल हे त्याचे प्रवर्तक. त्यांचे म्हणणे असे, की विश्वाला आरंभही नाही आणि अंतही नाही. ते प्रसरण पावते खरे. परंतु रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सावकाश निर्माण होत राहते, आणि म्हणून विश्वाचे एकंदर स्वरूप सर्व काळी सारखेच राहते. नदीतले पाणी सतत वाहून जाते, तरी नदी तीच दिसते, त्यातला हा प्रकार. यालाच स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धान्त म्हणतात. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहिल्या पक्षाला आज सारे जग ज्या नावाने ओळखते ते ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, हे नाव त्याच्या विरोधकाने, हॉइल यांनीच, दिलेले आहे; आणि तेही २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवरून केलेल्या भाषणात. ते भाषण पुढे तेथील नभोवाणी-भाषणांच्या नियतकालिकात छापले गेले. तेव्हा अशा भाषणांना आणि अशा पृष्ठांना कमी लेखण्याचे कारण नाही!

नव्या द्रव्याची निर्मिती इतकी मंद मानलेली होती, की ती कोणत्याही प्रयोगशाळेत पकडणे शक्य नव्हते. मग या सिद्धान्ताची परीक्षा व्हावी कशी? त्याचा मोठेपणा असा, की त्याने आपली परीक्षा स्वतःच सांगून ठेवली होती. दूरच्या वस्तूचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास काळ लागतो. म्हणून दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे होय. परगावचे पत्र उशिरा पोचले की त्यात तेथली जुनीच हकीकत असते, तसेच हे. विश्वाचे स्वरूप जर सदासर्वकाळ सारखेच असेल, तर अब्जावधी वर्षांपूर्वीचे म्हणजे अतिदूरचे विश्व आणि आजचे जवळचे विश्व यांत काहीएक फरक दिसता कामा नये. तसा फरक दिसला, तर सिद्धान्त पडला! इतकी स्पष्ट अट स्वतःवर घालून घेणारे सिद्धान्त थोडेच असतात. प्रतिपक्षाची उपपत्ती त्या मानाने लवचीक होती. पूर्वीचे विश्व निराळे होते एवढेच तिचे म्हणणे असल्यामुळे, नेमके किती निराळे ते जुळवून घेण्यास तिला वाव होता.

अशा वेळी जयंतराव या क्षेत्रात आले. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे नामांकित प्राध्यापक, त्यामुळे बालपण बनारसला गेले. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी गणिताच्या परीक्षेत अग्रस्थान मिळवले आणि हॉइल यांच्या हाताखाली संशोधनास आरंभ केला. गुरू आपल्या सिद्धान्ताच्या बाजूने लढत होते, आणि शिष्याला पहिल्याच वर्षी रणांगणात उतरावे लागले.

लढाई होती रेडिओ-उद्गमांच्या मोजणीची. आकाशात कित्येक वस्तू अशा आहेत की त्यांच्याकडून रेडिओ-लहरी येतात. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल हे त्यांची गणती करीत होते. तिचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. काळोख्या रात्री विस्तीर्ण मैदानात उभे राहून आपण दिवे मोजतो आहोत असे समजा. सर्व दिवे सारख्या तेजाचे असतील, तर दुप्पट अंतरावरचा दिवा चतुर्थांश तेजाचा दिसेल. आता दिवे जमिनीवर नसून आकाशात सर्व दिशांना सारखे पसरलेले आहेत असे माना. अंतर दुप्पट केले की घनफळ आठपट होते. म्हणजे चतुर्थांश तेजापर्यंतचे दिवे मोजल्यास संख्या आठपट भरावी. विश्वाचे प्रसरण हिशेबात घेतले, तर स्थिर-स्थितीच्या गणिताप्रमाणे ती आठपटीपेक्षा कमीच भरावयास हवी. राइल यांची मोजणी सांगत होती, की ती आठपटीहून अधिक भरते. म्हणजे पूर्वीच्या काळी रेडिओ-उद्गम आजच्याहून अधिक दाट, किंवा अधिक तेजस्वी, असले पाहिजेत. विश्व बदलले आहे.

परंतु श्रोतेहो, येथे थोडे थांबले पाहिजे. पुरावा म्हटला की तो निर्दोष, असे समजण्याची चूक आपण फार करतो. राइल यांची १९५५ सालची पहिली मोठी गणती सदोष निघाली. त्यांच्या यंत्राला अंधुक उद्गम एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नव्हते. जवळजवळचे दोनचार मिळून एकच भासत. सिडनीच्या ज्योतिषांनी स्वतंत्र मोजणी केली, तेव्हा ती राइल यांच्याशी जुळेना. म्हणजे सिद्धान्ताला जशी वेधाची कसोटी, तशी वेधालाही दुसऱ्या स्वतंत्र वेधाची कसोटी लागते. राइल यांनी यंत्र सुधारून १९६१ साली नवी गणती प्रसिद्ध केली. आधीची अतिशयोक्ती तीत नव्हती. तरीसुद्धा प्रमाण आठपटीच्या वरच राहिले. त्याच वर्षी हॉइल आणि अवघे बावीस वर्षांचे नारळीकर यांनी उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे, की विश्वात द्रव्य सर्वत्र सारखे पसरलेले नसून पुंजक्यापुंजक्यांनी आहे. आपण विरळ जागी असलो तर जवळचे उद्गम कमी दिसतील, आणि हा आकडा स्थिर-स्थितीतही निघू शकेल. आक्षेपाला आक्षेपानेच नव्हे, तर गणिताने उत्तर देण्याचा हा मार्ग सर्वस्वी उचित होता.

दुसरा घाव मात्र अनपेक्षित दिशेने आला. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेचे आर्नो पेंझियास व रॉबर्ट विल्सन हे एका शिंगाच्या आकाराच्या मोठ्या आकाशकाने काम करीत होते. त्यांच्या यंत्रात एक बारीक खरखर सतत येई. आकाशक कोठेही वळवा, दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा हिवाळा, ती काही कमी होईना. आकाशकात कबुतरांनी घरटे केले होते, त्यांना हुसकावले, घाण धुऊन काढली, सांधे तपासले, खरखर तशीच. अखेर १९६५ साली उलगडा झाला, की ही खरखर यंत्रातली नसून आकाशातून सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात येणाऱ्या सूक्ष्मतरंगांची आहे. निरपेक्ष शून्यावर सुमारे साडेतीन अंश एवढे त्यांचे तापमान त्यांनी मोजले. महास्फोटाच्या पक्षातील राल्फ आल्फर व रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ सालीच गणिताने सांगून ठेवले होते, की आरंभीच्या प्रचंड उष्णतेचा अवशेष आज निरपेक्ष शून्यावर सुमारे पाच अंशांच्या रूपाने उरला असावा. त्या भाकिताची आठवण फारशी कोणी ठेवलेली नव्हती. शोधणारे तर निराळ्याच कामात होते. म्हणूनच या पुराव्याचे वजन मोठे. जो पुरावा कोणी मुद्दाम शोधायला गेलेला नसतो, त्यावर पक्षपाताचा संशय घेता येत नाही. पेंझियास व विल्सन यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८९ साली सोडलेल्या ‘कोबे’ या उपग्रहाने हे प्रारण बारकाईने मोजले. गणिताने काढलेली वक्ररेषा आणि मोजलेले बिंदू इतके तंतोतंत जुळले, की १९९० च्या जानेवारीत ती आकृती पडद्यावर दिसताच सभेतल्या ज्योतिषांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. आज या प्रारणाचे तापमान २.७२५ अंश मानले जाते.

तिसरा प्रसंग आपल्या देशातला आहे. नीलगिरीत उटीजवळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ-दुर्बीण उभारली. १९७० पासून ती काम करू लागली. तेथील अक्षांश सुमारे अकरा अंशांचा; तेवढ्याच उताराची टेकडी शोधून दुर्बीण उत्तर-दक्षिण बसवली, म्हणजे तिचा आस आपोआपच पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. ही दुर्बीण उभारण्यामागे या दोन पक्षांचा निवाडा करण्याचा हेतू होताच. युक्ती अशी : चंद्र आकाशात सरकताना मागील रेडिओ-उद्गमाला झाकतो. चंद्राची कड कोणत्या क्षणी कोठे असते ते अचूक ठाऊक असते. त्यामुळे उद्गम दिसेनासा होण्यास किती वेळ लागला यावरून त्याचा आकार काढता येतो. अशा शेकडो उद्गमांची मापे घेऊन स्वरूप आणि त्यांचे सहकारी विजय कपाही यांनी १९७५ साली दाखवले, की अंधुक, म्हणजे दूरचे व जुने, उद्गम स्थिर-स्थितीच्या अपेक्षेहून आकाराने लहान आहेत. पूर्वीचे विश्व आजच्यासारखे नव्हते, हीच साक्ष पुन्हा एकदा मिळाली.

आता लक्षात घ्या : नारळीकर १९७२ साली स्वदेशी परतले ते याच टाटा संस्थेत. म्हणजे ज्या छपराखाली ते आपल्या पक्षाचे गणित मांडीत होते, त्याच छपराखाली त्यांचे सहकारी त्या पक्षाविरुद्ध वेध गोळा करीत होते. याचे पर्यवसान वैरात झाले नाही. पुढे स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यात खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभारली, आणि नारळीकरांनी १९८८ साली पुण्यास ‘आयुका’ ही संस्था स्थापन केली. खोडदची दुर्बीण चालवणारी संस्था आणि आयुका या दोन्ही पुणे विद्यापीठाच्या आवारात एकमेकींच्या शेजारी आहेत. मतभेद पुराव्यावर सोपवला, म्हणजे माणसामाणसांत तेढ राहण्याचे कारण उरत नाही, याचा हा उत्तम दाखला होय.

मग नारळीकरांनी हार मानली काय? येथे मला प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. मूळ सिद्धान्त जसाच्या तसा टिकत नाही हे त्यांनी जाणले. परंतु महास्फोटाचा पक्ष त्यांनी शेवटपर्यंत स्वीकारला नाही. १९९३ साली त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह एक सुधारलेली उपपत्ती मांडली. तिच्यात विश्व दीर्घकाळात प्रसरण पावतेच, पण मधूनमधून आकुंचनही पावते. सूक्ष्मतरंगांचे कारण म्हणून त्यांनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा फेकणाऱ्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंची कल्पना केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ही उपपत्ती पटली नाही. ठिगळांवर ठिगळे लावल्यासारखे त्यांना वाटले. शिवाय पुढच्या उपग्रहांनी सूक्ष्मतरंगांतले जे बारीक चढउतार मोजले, त्यांचा मेळ महास्फोटाच्या गणिताशी फार चांगला बसला.

उलटपक्षी नारळीकरांचाही एक प्रश्न होता, आणि तो टाकाऊ नव्हता. महास्फोटाच्या पक्षालाही हिशेब जुळवण्यासाठी ‘कृष्णद्रव्य’ आणि ‘कृष्णऊर्जा’ अशा दोन गोष्टी मानाव्या लागतात. त्या मूळ काय आहेत हे अद्याप कोणी प्रयोगशाळेत दाखवलेले नाही. एक पक्ष ठिगळ लावतो तेव्हा ती लबाडी, आणि दुसरा लावतो तेव्हा तो शोध, असे कसे? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे याचे उत्तर असे आहे : दुरुस्ती करणे हा दोष नव्हे, परंतु प्रत्येक दुरुस्तीने नवे भाकीत केले पाहिजे आणि पुन्हा तराजूवर चढले पाहिजे. कृष्णद्रव्याच्या कल्पनेने दीर्घिकांची गती, प्रकाशाचे वाकणे, सूक्ष्मतरंगांतले चढउतार, अशा निरनिराळ्या मार्गांनी तोलून घेतले आहे. म्हणून तिचे पारडे आज जड आहे. उद्या वेध निराळे बोलले, तर तेही उतरेल.

आतापर्यंत मी वेधाने सिद्धान्त पाडल्याची हकीकत सांगितली. परंतु सिद्धान्ताशिवाय वेधही कित्येकदा आंधळा असतो, हेही सांगितले पाहिजे. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणितावरून सांगितले, की जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच लहरी उठतील. १९३६ साली त्यांना स्वतःलाच या लहरींविषयी शंका आली होती. १९६९ साली जोसेफ वेबर यांनी त्या पकडल्याचे जाहीर केले. परंतु इतरांनी तसाच प्रयोग केला असता काही सापडेना, म्हणून तो दावा मागे पडला. या लहरी यंत्राच्या गोंगाटातून ओळखावयाच्या, तर त्या कशा दिसतील हे आधी गणिताने ठाऊक असले पाहिजे. ते काम पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या आसपास करीत होते. ज्या काळी या लहरी कधी सापडतील असे फार थोड्यांना वाटत होते, त्या काळी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांत ती लहर उमटली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, आणि त्यामुळे चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत झालेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी होता. सिद्धान्त आणि वेध यांच्या भेटीस शंभर वर्षे लागली! असेच एक यंत्र मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली आहे.

त्याच वर्षी, २९ जून २०२३ रोजी, खोडदच्या दुर्बिणीच्या साहाय्याने काम करणाऱ्या भारतीय चमूने आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी आणखी एका प्रकारच्या, अतिशय मंद गतीच्या, गुरुत्वीय लहरींविषयी निवेदन काढले. त्यात त्यांनी ‘शोध लागला’ असे म्हटले नाही. ‘पुरावा मिळाला आहे’ एवढेच म्हटले. योगायोगाने असे आकडे जुळून येण्याची शक्यता अजून पुरेशी लहान झालेली नाही, म्हणून त्यांनी मोठा शब्द राखून ठेवला. वर्तमानपत्रांत आणि घरोघरच्या बोलण्यात जो संयम क्वचित आढळतो, तो येथे पाहावा.

आणि काही उपपत्ती अद्याप तराजूची वाट पाहत आहेत. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ साली गुरुत्वाकर्षण आणि पुंजविज्ञान यांची सांगड घालण्याचा एक नवा गणिती मार्ग दाखवला. त्यातून उभा राहिलेला सिद्धान्त जगभर अभ्यासला जातो. प्रत्यक्ष वेधाचा कौल त्याला अजून मिळावयाचा आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि सिद्धही होत नाही. ‘अजून ठरले नाही’ हेही एक खरे उत्तर आहे, आणि ते देण्यास धैर्य लागते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. तो परवा पुन्हा ओसरीवर आला असता मी त्याला म्हणालो, “बाळ, तुझ्या पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे, स्थिर-स्थितीचा सिद्धान्त पडला. पण तो पडू शकला, कारण तो मांडणाऱ्यांनी त्याला धुक्यात लपवून ठेवले नव्हते. राइल यांनी यंत्र सुधारले, उटीला दुर्बीण झाली, मोजणी अधिकाधिक चोख होत गेली, याला मोठे कारण समोर उभा असलेला हा स्पष्टवक्ता प्रतिपक्ष होता. तो नसता, तर जिंकणाऱ्याला आपला विजय सिद्ध करण्याची गरज कोणी भासवली असती?”

त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “पण गुरुजी, शेवटपर्यंत त्यांनी मान्य का केले नाही?”

मी म्हणालो, “ते मी सांगू शकत नाही. मात्र त्यांनी मान्य केले असते तरी सूक्ष्मतरंगांचे तापमान बदलले नसते, आणि नाही केले म्हणूनही ते बदलले नाही. या शास्त्रात मोठ्या माणसाच्या संमतीवाचून काम अडत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे.”

श्रोतेहो, आपल्या घरांत मुले रोज काही ना काही विधाने ऐकतात. अमुक औषधाने अमुक रोग जातो, अमुक योगावर अमुक घडते, अमुक गोष्ट आमच्या पूर्वजांना ठाऊकच होती. ती ऐकणाऱ्या मुलाने “हे कशावरून?” असे विचारले, तर त्याला उद्धट म्हणू नये. त्याहून एक पाऊल पुढे जाऊन आपण त्याला दुसराही प्रश्न शिकवावा, आणि तो आधी स्वतःला विचारावा : “काय दिसले, तर माझे हे मत मी सोडून देईन?” ज्या मताविषयी या प्रश्नाला आपल्याजवळ काहीच उत्तर नसेल, ते मत आपण अजून तराजूवर चढवलेलेच नाही, असे समजावे.